मागोमे ते त्सुमागो एकटीने: मिन्शुकूतला मुक्काम आणि बॅग पोचवणारी सोय

मुलगी नागोयाला नोकरीला आहे म्हणून मी महिनाभर तिच्याकडे गेलेले, पण तिला काही सुट्टी मिळेना, मग एक दिवस तीच म्हणाली आई तू एकटीच जाऊन ये की कुठेतरी, इथे घाबरण्यासारखं काही नाही. मी ५४ वर्षांची, पुण्याची, आयुष्यात कधी एकटी लॉजवर राहिले नव्हते, महाबळेश्वरला सुद्धा नाही, आणि पहिल्यांदा एकटी राहिले ती थेट जपानच्या डोंगरातल्या एका वाडीत. दोन रात्री. त्याचाच हा रिव्ह्यू, म्हणजे ज्या घरात राहिले त्या मिन्शुकूचा आणि मागोमेहून त्सुमागोला आपली बॅग पोचवतात त्या सोयीचा. या दोन गोष्टी आहेत म्हणून माझ्या वयाच्या बाईला तिकडे एकटीने चालत जाता येतं, आणि ज्यांना जावंसं वाटतंय पण पाऊल उचलत नाहीये त्यांनी हे वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी रस्त्याबद्दल थोडं. नाकासेन्दो हा एदोहून, म्हणजे आत्ताच्या टोकियोहून, क्योतोला डोंगरातून जाणारा जुना रस्ता, पाचशे किलोमीटरच्या वर, आणि आपल्याकडे पालखीचे मुक्काम कसे ठरलेले असतात तशी या वाटेवर ६९ मुक्कामाची गावं होती. त्यातलं ४२ वं त्सुमागो आणि ४३ वं मागोमे. या दोन गावांमधली साधारण ८ किलोमीटरची पायवाट अजून चालण्यासारखी जपून ठेवलीये. कुठे दगडी फरसबंदी, कुठे जंगल, कुठे कुणाच्या तरी भातखाचराच्या कडेने, मध्ये दोनचार वेळा डांबरी रस्ता ओलांडायला लागतो. मागोमेकडून निघालात तर चढ कमी आणि उतार जास्त, मधली खिंड जवळपास ८०० मीटरवर आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, उतार कमी त्रासाचा वाटतो पण तो लांबलचक आहे, काठी न्याच.

नागोयाहून चुओ लाईनची जलद लोकल पकडली की सव्वा तासात नाकात्सुगावा, तिथून स्टेशनबाहेरून मागोमेची बस, अर्धा तास. बसला वेळ होता म्हणून मी नाकात्सुगावाला कुरीकिंतोन घेतलं, आणि शरद ऋतूत जात असाल तर हे अजिबात चुकवू नका. चेस्टनट शिजवून, कुस्करून, त्यात फक्त साखर घालून परततात आणि मग ओल्या फडक्यात पिळून त्याचा गोळा करतात, वर फडक्याच्या चुण्यांचं टोक उमटलेलं असतं, अगदी मोदकाचं नाक. दूध नाही, तूप नाही, तरी खाताना पुरणाची आठवण येते. मी चार घेतले आणि दोन बसमध्येच संपवले.

आता बॅगेचं. मागोमेच्या चढावर मध्यावर पर्यटन माहिती केंद्र आहे, तिथे सकाळी साडेअकराच्या आत बॅग नेऊन दिली की दुपारी एकनंतर ती त्सुमागोच्या माहिती केंद्रात मिळते, पाच वाजेपर्यंत. उलट दिशेनेही हीच सोय आहे. मी गेले तेव्हा एका बॅगेचे १००० येन घेतले. काउंटरवरच्या ताईंनी बॅगेला चिठ्ठी बांधली, तिचाच दुसरा तुकडा मला दिला आणि पाचच्या आत न्यायची हे हाताची पाच बोटं दाखवून दोनदा सांगितलं. बस्स, एवढंच. फॉर्म नाही, अॅप नाही, पासपोर्टची झेरॉक्स नाही. पाठीवर पाण्याची बाटली, छत्री आणि दोन कुरीकिंतोन एवढंच ओझं घेऊन मी निघाले तेव्हा खरंच अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, कारण एकटीने फिरताना बॅग हाच मोठा प्रश्न असतो, बाथरूमला जायचं तर बॅग कुणाकडे द्यायची इथपासून. थंडीत ही सोय बंद असते, त्यामुळे डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत कधी जाणार असाल तर आधी चौकशी करा.

मागोमे गाव एका तीव्र उतारावर वसलंय, मधून फरसबंदी रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी घरं, कडेने वाहतं पाणी, पाणचक्की, आणि मागे वळून बघितलं की २१९१ मीटर उंचीचा एना डोंगर. मी तिथे जरा जास्तच रेंगाळले. गोहेई मोची खाल्ली, भात कुस्करून काडीवर लावतात आणि अक्रोड-तीळ-सोयाचा गोडसर मसाला फासून निखाऱ्यावर भाजतात, त्या वासाने पोट भरलेलं असलं तरी भूक लागते. शाकाहारी माणसाला रस्त्यात पोटभर मिळणारी ही एकच खात्रीची गोष्ट, त्यामुळे मी दोन काड्या खाल्ल्या. निघायला एक वाजला. ही माझी चूक झाली, ती पुढे सांगते.

वाटेवर ठरावीक अंतरावर घंटा टांगलेल्या आहेत. अस्वलांसाठी. म्हणजे माणूस येतोय हे अस्वलाला कळावं म्हणून जोरात वाजवा असं लिहिलेलं असतं. पहिली घंटा दिसली तेव्हा माझा हात देवळात जातो तसा आपोआप वर गेला, आणि नंतर तर प्रत्येक घंटा वाजवूनच पुढे गेले, कारण जंगलात मधेच वीस वीस मिनिटं कुणीच दिसत नाही. सुगी आणि हिनोकीची सरळसोट झाडं, खाली नेच्याची झुडपं, आणि इतकी शांतता की आपल्या बुटांचा आवाज मोठा वाटतो. भीती वाटली का असं सगळ्यांनी विचारलं. अस्वलाची थोडी वाटली. माणसांची एकदाही वाटली नाही, आणि हे मी विचार करून लिहितेय.

खिंड उतरल्यावर एका ठिकाणी जुन्या लाकूड तपासणी नाक्याची जागा आहे. या किसो खोऱ्यातल्या हिनोकीच्या लाकडाला इतका भाव होता की एदो काळात, म्हणजे साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, इथलं जंगल ओवारीच्या सरदारांच्या ताब्यात होतं, पाच जातींची झाडं तोडायला बंदी होती, आणि लोक म्हणायचे एका झाडाला एक मुंडकं. नाक्यावर वाटसरूंचं सामान तपासायचे, कुणी लाकूड लपवून नेत नाही ना बघायला. मी तिथे पाच मिनिटं बसले आणि आजूबाजूच्या झाडांकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं.

त्याच्या जवळच चहाघर आहे, तातेबा च्याया, आणि या वाटेवरची ही जागा मला सगळ्यात जास्त आवडली. जुनं लाकडी घर, धुराने काळे झालेले वासे, मध्ये जमिनीतली चूल, तिच्यावर वरून लोंबणाऱ्या आकड्याला किटली. गावातले स्वयंसेवक आळीपाळीने बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला फुकट चहा देतात, वाटलं तर पेटीत पैसे टाकायचे. तिथले आजोबा मला कुठल्या म्हणून विचारत होते, मी इन्दो म्हटल्यावर त्यांनी चुलीतलं लाकूड आत सरकवलं आणि शेकायला जवळ बसा अशी खूण केली. माझ्या आजोळी कोकणात चुलीपुढे बसल्यावर डोळ्यात जसा धूर जायचा तसाच गेला. मी पेटीत ५०० येन टाकले आणि दुसरा कप मागितला.

आता माझी चूक. माझं मिन्शुकू त्सुमागोत नव्हतं, त्याच्या अलीकडे साधारण दोन किलोमीटरवर ओत्सुमागो नावाची वाडी आहे तिथे होतं. आणि बॅग कुठे जाते? त्सुमागोच्या माहिती केंद्रात. मुक्कामाच्या घरी नाही. हे मी आधी वाचलेलं पण डोक्यात बसलं नव्हतं. चार वाजता मी ओत्सुमागोत माझ्या घरासमोरून चालत गेले, बॅग आणायला, आणि त्सुमागोत पोचले तेव्हा चार पस्तीस झालेले, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, दरीत सूर्य कधीच डोंगराआड गेलेला. बॅग मिळाली. पण आता चाकाची बॅग ओढत, चढ, अंधार, अर्धा तास. पाच वाजले आणि गावाच्या भोंग्यातून रोजची संध्याकाळची धून वाजायला लागली आणि मला अगदी रडू येईल असं झालं, का ते सांगता येणार नाही.

तेवढ्यात एक छोटा पांढरा ट्रक समोर येऊन थांबला आणि आतल्या आजोबांनी माझं आडनाव घेतलं, जपानी पद्धतीने अक्षरं तोडून तोडून. मिन्शुकूवाल्या आजींनी खिडकीतून एक भारतीय बाई पुढे जाताना बघितली, वाट बघितली, मी परत येईना म्हणून माहिती केंद्राला फोन केला आणि आजोबांना पाठवलं. त्यांचे पैसे मी द्यायला गेले तर त्यांनी हात असे हलवले की परत विचारायची हिंमत झाली नाही. एकटीने जाताना घरच्यांना काळजी वाटते ती याचीच ना, की काही झालं तर कुणाला कळणार पण नाही. इथे मी पोचायच्या आधीपासून माझी कुणीतरी वाट बघत होतं. हॉटेलात हे होत नाही, तिथे तुम्ही रात्री बाराला या नाहीतर येऊ नका. मिन्शुकूत सहाला जेवण असतं आणि ताट तुमच्या नावाने मांडलेलं असतं.

मिन्शुकू म्हणजे कुणाचं तरी राहतं घर, त्यातल्या चारपाच खोल्या पाहुण्यांना देतात. या घराचं नाव मी लिहीत नाहीये कारण आजींनी स्वतःच सांगितलं की आता दोघांच्याने जास्त होत नाही, पण ओत्सुमागो आणि त्सुमागोत अशी बरीच घरं आहेत, शोधलीत की मिळतील. मला दोन वेळच्या जेवणासकट एका रात्रीचे १२ हजार येन पडले, आपले साडेसहा-सात हजार रुपये धरा, रोख द्यायचे, कार्ड चालत नाही. स्वस्त नाही. पण त्यात रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, अंघोळ, चहा सगळं आलं.

खोली आठ तातामीची, म्हणजे जमिनीवर घालतात त्या गवती चटया आठ मावतील एवढी, कडेला एक कोतात्सु, म्हणजे बुटकं टेबल, त्याला आतून हीटर आणि वरून रजई, पाय आत घालून बसायचं. त्या कोतात्सुत पाय गेल्यावर सकाळपासूनचा सगळा शीण निघाला. गादी आपण आपली घालायची. दारं कागदाची, सरकती, त्याला कडी नाही. पुन्हा सांगते, कडी नाही. पहिल्या रात्री मी बॅग दाराला टेकवून झोपले, दुसऱ्या रात्री नाही टेकवली. ज्यांना कडीशिवाय झोपच लागत नाही त्यांनी बुकिंगआधी विचारून घ्या. आवाजही सगळे ऐकू येतात, शेजारच्या खोलीतल्या बाईंचं घोरणं मला रात्रभर सोबतीला होतं. टॉयलेट सामायिक आणि खोलीबाहेर, पॅसेजमध्ये हीटर नाही, रात्री उठायला लागलं तर चांगलंच गारठायला होतं. बाथरूम एकच, आळीपाळीने, पण टब हिनोकीचा आणि पाणी कढत. आधी बाहेर बसून स्वच्छ अंघोळ करायची, मग टबात उतरायचं, आणि निघताना पाणी सोडायचं नाही कारण तेच पुढच्या पाहुण्याला असतं. हे शेवटचं प्लीज लक्षात ठेवा.

जेवणाबद्दल मी मोठं लिहिणार आहे कारण आपल्या लोकांचं सगळं तिथेच अडतं. मी शाकाहारी. बुकिंगच्या मेलमध्ये मी मांस आणि मासे खात नाही असं लिहिलेलं, आणि आजींनी ते अगदी मनापासून पाळलेलं. भाज्यांचा तेम्पुरा, म्हणजे त्यांची भजी, डोंगरातल्या रानभाज्या, तोफू, उकडलेला भोपळा, लोणची, सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, भात, आणि मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा, त्याचं सूप. बाकीच्यांच्या ताटात मिठात भाजलेला नदीचा मासा होता, माझ्या ताटात त्या जागी मिसो लावून भाजलेलं वांगं. पण सूप, सोब्याचं बुडवण, उकडलेला भोपळा, या सगळ्यात दाशी. दाशी म्हणजे बहुतेक वेळा सुकवलेल्या मासोळीचा अर्क, तो त्यांच्या स्वयंपाकात फोडणीसारखा असतो, आणि त्यांच्या हिशोबाने तो मासा धरतच नाहीत. मी विचारल्यावर आजींचा चेहरा एवढा पडला की मलाच वाईट वाटलं. चूक त्यांची नव्हतीच, मेलमध्ये एक वाक्य कमी पडलं होतं.

मग मी बॅगेतून मेतकुटाची डबी काढली. गरम भात, त्यावर मेतकूट, तेल मी तेम्पुऱ्याच्या ताटातलं निपटून घेतलं, तूप कुठून आणणार. तो भात चिकट असतो त्यामुळे मेतकूट आपल्या आंबेमोहोरासारखं मस्त धरून बसलं. आजी बघत होत्या. मी त्यांच्या तळहातावर चिमूटभर ठेवलं, त्यांनी वास घेतला, चाटलं, डोळे मिटले, मग आत जाऊन स्वतःचा भात घेऊन आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. मला पुण्यात शिकलेलं चौथ्या लेव्हलचं, म्हणजे अगदी जुजबी, जपानी येतं, त्यात हरभरा डाळ, मेथ्या, हिंग हे कसं सांगणार, पण मोहरी आणि हळद कळली. दुसऱ्या रात्री काय झालं सांगू का, आजींनी माझ्यासाठी कोंबु, म्हणजे समुद्रातलं शेवाळ, आणि सुके शिताके मश्रूम भिजवून वेगळं सूप केलेलं, आणि ते पहिल्या दिवशीच्यापेक्षा चवदार होतं असं त्या स्वतः म्हणाल्या. म्हणजे करता येतं. फक्त आधी सांगायला लागतं.

मेलमध्ये आणि कागदावर हे असं लिहून ठेवा: निकु तो साकाना वा ताबेमासेन, साकाना नो दाशी मो दामे देसु, कोंबु वा दाइजोबु देसु. मांस आणि मासे खात नाही, माशाचा दाशीही नको, कोंबु चालेल. तोफूवर माशाचा पातळ कीस घालतात तो सुद्धा काढायला सांगा. तेम्पुरा बुडवायच्या पाण्याऐवजी मीठ मागा, शिओ म्हणतात. तेम्पुऱ्याच्या पिठात अंडं असू शकतं, ज्यांना ते चालत नाही त्यांनी तेही लिहावं. आणि हे पोचल्यावर नाही, निदान आठवडाभर आधी, कारण त्या आजी आदल्या दिवशी बाजार करून आणतात.

दुसरा पूर्ण दिवस मी त्सुमागोत काढला आणि गावाबद्दल एवढंच सांगते की तिथे सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी चारनंतर जा, मधल्या वेळात बसेस भरभरून येतात. विजेच्या तारा दिसत नाहीत, मुख्य रस्त्यावर दिवसा गाड्या नाहीत, काही छपरांवर फळ्या उडू नयेत म्हणून दगड ठेवलेत. हे सगळं आपोआप उरलेलं नाहीये. गाव ओस पडत चाललेलं तेव्हा लोकांनी १९६८ पासून घरं दुरुस्त करायला घेतली, १९७१ ला आपसात ठरवलं की घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही, आणि १९७६ मध्ये सरकारने जपणुकीचं क्षेत्र म्हणून त्याला मान्यता दिली. आमच्या सदाशिव पेठेतला वाडा गेला तेव्हा मी लग्नाआधीची होते, त्यामुळे त्या तीन ओळी वाचून मी तिथेच उभी राहिले बराच वेळ.

तक्रारी सांगायच्या तर एक मोठी आहे. एकट्या माणसाला खोली द्यायला सगळी घरं तयार नसतात. मी आधी दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडून नम्रपणे नाही आलं, शनिवारी तर एकटीला मिळणं जवळजवळ अशक्यच. त्यांचंही बरोबर आहे, चारपाच खोल्या, त्यातली एक एकीला दिली तर त्यांचं नुकसान, पण एकटीने फिरणाऱ्या बायकांना त्याचा त्रास होतोच. सोमवार ते गुरुवार बघा, तेव्हा पटकन मिळतं. दुसरं, जिने अरुंद आणि उभे आहेत, खालची खोली मागून घ्या. तिसरं, ओत्सुमागोत रात्री एकही दुकान नाही, औषधं, बिस्किटं, जे लागेल ते बरोबर ठेवा, आणि पैसे नाकात्सुगावातच काढून घ्या.

बॅगेच्या सोयीला माझ्याकडून पाचपैकी पाच, पण मुक्काम त्सुमागोत असेल तर. ओत्सुमागोत असेल तर मोठी बॅग सरळ नागोयाला ठेवून या, स्टेशनवर लॉकर आहेत, आणि दोन दिवसांचे कपडे पाठीवर घ्या. मिन्शुकूला साडेचार, अर्धा त्या पॅसेजमधल्या गारठ्याचा कापला.

निघताना आजी आणि आजोबा दोघंही दारात उभे राहिले आणि मी वळणावर जाईपर्यंत हात हलवत होते, मी तीनदा मागे वळून बघितलं आणि तिन्ही वेळा ते तिथेच होते. त्सुमागोहून नागिसो स्टेशन बसने दहा मिनिटांवर आहे, मी तासभर चालत गेले, तीही वाट सुंदर आहे, शेतांच्या कडेने. मेतकुटाची डबी मी तिथेच ठेवून आले. परवा मुलीच्या मेलवर त्यांचा निरोप आलाय, डबी संपली, आणि ते भातात घालून दाबून त्याचे गोळे केले तर चालतात का असं विचारलंय. मी कळवलंय की चालतात, वर थोडं तेल घाला, आणि एप्रिलमधल्या एखाद्या मंगळवारी एकीसाठी खोली आहे का ते सांगा.